गावाला लागून असलेल्या जुन्या ले-आउटमध्ये रहिवासी संघ कसा काढायचा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात तालुक्याच्या गावाला लागून, कधीकाळच्या कापसाच्या नाहीतर तुरीच्या वावरात प्लॉट पाडून टाकलेले ले-आउट आता वीस-पंचवीस वर्षांचे झाले. घरं बांधून झाली, पोरं शिकून पुण्याला गेली, तरी नाली नाही, रस्ता उखडलेला अन् ओपन स्पेसवर, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर, बाभळी. ग्रामपंचायतीत गेलं की म्हणतात ले-आउट आमच्याकडे हस्तांतर झाला नाही, ले-आउटवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो माझं काम कवाच संपलं. अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी हे पान आहे. आमच्याकडे संघ सुरू झाल्यापासून आजूबाजूच्या गावांतून जे प्रश्न येऊन राहिले तेच इथं लिहिले आहेत.

संघ म्हणजे नेमकं काय? गणेश मंडळ आहे ना आमचं.

मंडळ दहा दिवस चालते, संघ बाराही महिने चालवावा लागते. ले-आउटमध्ये ज्यांचं घर नाहीतर प्लॉट आहे त्यांची यादी, त्यांनी निवडलेली समिती, ठरलेली वर्गणी अन् लिहिलेला हिशेब, एवढं असलं की संघ झाला. फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये सोसायटी पहिल्या दिवसापासून लागते कारण जिना अन् मोटर सगळ्यांची एकच असते, आपल्याकडे प्रत्येकाचं घर वेगळं, बोअर वेगळी, कंपाउंड वेगळं, म्हणून वाटते की आपल्याला काय गरज. पण रस्ता, नाली, खांबावरचे लाइट, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) अन् ओपन स्पेस या गोष्टी कोणा एकाच्या नाहीत, अन् एकट्यानं त्यासाठी चपला झिजवल्या तर दोन-तीन महिन्यांत माणूस थकते.

पंचवीस वर्षं झाली, आता उशीर नाही का झाला?

नाही. उलट आता कोण इथं राहणार अन् कोण नुसता प्लॉट घेऊन बसला आहे ते स्पष्ट झालं आहे. एक गोष्ट मात्र खरंच उशिरानं अवघड होते, ती ओपन स्पेसची, त्याचं खाली सविस्तर लिहिलं आहे, ते नक्की वाचा.

सगळे लोक तयार नाहीत. मग कसं करायचं?

सगळे तयार कुठंच नसतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ७ माणसं असली तरी संस्था नोंदवता येते, तेव्हा आकड्यावर काही अडत नाही. अडते ते विश्वासावर. याआधी कोणीतरी वर्गणी गोळा केलेली असते अन् त्याचं काय झालं ते कोणाला सांगितलेलं नसते, लोक ते विसरत नाहीत, अन् विसरू नये असंच आहे ते. म्हणून माझं म्हणणं असं की नोंदणी, लेटरहेड, शिक्का, बोर्ड हे सगळं नंतर. आधी एक काम असं धरा जे आठ-पंधरा दिवसांत होते, सगळ्यांना दिसते अन् ज्याचा खर्च एका कागदावर मावते.

आमच्याकडे ते काम होतं रस्त्याखालचा सिमेंटचा पाइप. दुसऱ्या लाइनीतून येणारं पाणी त्या पाइपातून नाल्याला जायला पाहिजे होतं, ते जायचं नाही, अन् काळ्या मातीत पाणी थांबलं की काय होते ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, माती फुगते, कंपाउंडच्या भिंतीला तडे जातात, गाडी रेंद्यात फसते. सगळे म्हणायचे की उतारच उलटा आहे, रस्ता फोडून नवा करावा लागेल, लाखाचं काम आहे. मग लाइनीतल्याच एका गवंडीभाऊनं पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल घेतली, अन् उतार बरोबर निघाला. पाइप फक्त आतून माती अन् पन्न्यांनी गच्च भरला होता. दोन मजूर, एक ट्रॉली अन् तोंडावर लोखंडी जाळी एवढ्यात काम झालं. जाळी वेल्डिंगवाल्यानं मजुरी न घेता करून दिली. बिलं फोटो काढून ग्रुपवर टाकली, उरलेले पैसे कोणाकडे आहेत तेही लिहिलं, अन् त्यानंतर जे लोक दार उघडत नव्हते तेच विचारायला लागले की आता पुढं काय करायचं.

तुमच्याकडे पाइप नसेल तर बंद लाइट असतील, डुकरं असतील, पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल असेल. छोटं धरा पण पूर्ण करा.

पहिली मीटिंग कधी अन् कुठं ठेवायची?

सोयाबीन सोंगणीच्या दिवसात ठेवू नका, कापूस वेचणीच्या भरातही नको, कारण ले-आउटमध्ये राहणारे अर्धे लोक अजूनही वावरात जातात नाहीतर वावर असलेल्यांकडे कामाला जातात. मे महिन्यात दुपारी तर नाहीच, पारा ४५ च्या वर असताना कोणी येत नाही. मांडवस (पाडव्याच्या आधीची अमावस्या) झाल्यानंतरच्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, हनुमान मंदिरासमोर नाहीतर ओपन स्पेसवरच दरी टाकून बसा. कोणाच्या घरी ठेवू नका. ज्याच्या घरी मीटिंग त्याचा संघ, असं लगेच होऊन जाते.

बायांना "आल्या तर आल्या" असं ठेवू नका. पाणी कवा येते, नालीचा वास कुठून येते, कोणत्या खांबाचा लाइट बंद आहे, हे घरच्या बाईला जेवढं माहीत असते तेवढं सकाळी डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला नसते. आमच्याकडे पहिल्या यादीतले कामाचे मुद्दे बहुतेक त्यांनीच सांगितले. पोट्ट्यांना हजेरी लिहायला बसवा, त्यांचं अक्षरही बरं असते अन् घरी जाऊन सांगतातही.

अन् एक, पहिल्याच मीटिंगमध्ये अध्यक्ष निवडू नका. प्रत्येक लाइनीतला एक माणूस फक्त ठरवा जो निरोप देईल.

भाडेकरूंना घ्यायचं का? अन् ज्यांचे नुसते प्लॉट पडून आहेत त्यांचं काय?

भाडेकरूंना बोलवा, ऐका, त्यांच्याकडून महिन्याची वर्गणी घ्या, मतही द्या, फक्त ओपन स्पेस अन् जागेच्या बाबतीतलं मत मालकांकडे ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, बँकेतले, दवाखान्यातल्या सिस्टर बहुतेक भाड्यानं राहतात अन् अर्ज लिहायला, हिशेब बघायला तेच पुढं येतात.

रिकाम्या प्लॉटवाल्यांना शोधणं कठीण काम आहे. नाव सातबाऱ्यावर असते पण माणूस नागपूर, अमरावती नाहीतर सुरतेला असतो. महाभूलेखवर, म्हणजे सातबाऱ्याच्या सरकारी वेबसाइटवर, गट नंबर टाकून नावं काढा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या म्हणजे घर टॅक्सच्या रजिस्टरशी जुळवा, अन् एकेकाला व्हॉट्सअॅपवर त्यांच्याच प्लॉटचा आजचा फोटो पाठवा, गाजरगवत अन् कचऱ्याच्या ढिगासकट. त्या फोटोनंतर बहुतेकांचा फोन येतो.

पोरगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडं एचओए म्हणजे घरमालकांचा संघ असते अन् पैसे न भरून चालतच नाही. आपल्याकडे तसं करता येते का?

तिकडं ती सक्ती घराच्या कागदातूनच येते. वसाहत पाडतानाच बिल्डर जमिनीच्या नोंदीत अटी नोंदवून ठेवतो, जो घर घेतो तो आपोआप बांधला जातो, अन् वर्गणी थकली तर घरावर बोजा चढवता येते. पण ज्या जुन्या वस्तीत अशा अटी आधी नोंदवलेल्याच नाहीत तिथं तिकडंही राहत्या मालकावर मागून सक्ती करता येत नाही, प्रत्येकाची सही घ्यावी लागते. म्हणजे जुन्या वस्तीचा प्रश्न सातासमुद्रापार पण हाच आहे. आपल्या विक्रीपत्रात तशी अट नसेल तर संघ ऐच्छिकच राहणार असं धरून चला.

कागदपत्रं कोणती काढायची? ओपन स्पेसचं काय आहे नेमकं?

हे या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं.

चार कागद काढा. ले-आउटचा मंजूर नकाशा (तहसील, एसडीओ ऑफिस नाहीतर जिल्ह्याचं नगर रचना ऑफिस, तिघांपैकी कुठं तरी मिळते), अकृषिक आदेश म्हणजे एनए ऑर्डर, ओपन स्पेसचा आजचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, अन् ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही, म्हणजे नमुना २३, त्याची नक्कल. सरळ दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी लागते अन् ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय अन् तो १५० शब्दांत लिहायचा असा नियम आहे, तेव्हा चार कागदांसाठी चार अर्ज करा, एकातच सगळं कोंबलं तर तेवढ्या कारणावरून परत येऊ शकते.

एनए ऑर्डर शेवटपर्यंत वाचा. मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी असतात, ले-आउटवाल्यानं रस्ते, नाल्या करून द्यायच्या, ओपन स्पेस मोकळी ठेवायची, वगैरे. बऱ्याच जणांनी प्लॉट घेताना ही ऑर्डर पाहिलेलीच नसते, पटवारीनं सांगितलं "एनए आहे" अन् आपण विश्वास ठेवला. (आता सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, आपण पटवारीच म्हणतो.)

मंजूर ले-आउटमध्ये साधारण १० टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडलेली असते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा जास्त जागेच्या ले-आउटला ही १० टक्क्यांची अट आहे, अन् ती जागा सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी असते, ले-आउटवाल्याला ती पुन्हा प्लॉट पाडून विकता येत नाही. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? पुष्कळ ठिकाणी अजूनही मूळ शेतमालकाचं नाहीतर ले-आउटवाल्याचं. तो वारला की वारस लागतात. वारसांना माहीतच नसते की ही ओपन स्पेस आहे, त्यांना फक्त आपल्या बापाच्या नावावर गावाला लागून जागा दिसते. तिथून भांडण सुरू होते, अन् म्हणूनच वर लिहिलं की या बाबतीत उशीर महागात पडते.

नकाशा हातात आला की टेप घेऊन जागेवर जा, चारपाच जण मिळून, दिवसाउजेडी, लपूनछपून नाही. नकाशावर ओपन स्पेस बहुतेक हिरव्या रेघांनी दाखवलेली असते अन् चारही बाजूंची मापं मीटरमध्ये लिहिलेली असतात. आम्ही मोजलं तर एका बाजूनं माप कमी भरलं, कारण लागून असलेल्या घराचं तारेचं कंपाउंड आत सरकलेलं होतं अन् आत मेथी, सांभार (कोथिंबीर) लावलेला होता. त्या काकूंना नकाशा दाखवला, त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, अन् म्हणाल्या भाजी निघाली की मी तार मागं घेते. अन् घेतली. वीस वर्षांत त्यांना कोणी तो कागद दाखवलाच नव्हता. सगळीकडे इतकं सोपं होणार नाही, पण सुरुवात नोटिशीनं करू नका.

आणि ज्यानं पक्कं बांधकामच करून टाकलं आहे?

मग भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी आणा, टेपच्या मापावर कोणी ऐकत नाही. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात घेऊन ग्रामपंचायतीला लेखी द्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरचं अन् मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. ग्रामपंचायत हलली नाही तर गटविकास अधिकारी, तहसीलदार. वेळ लागते, वर्षही जाते, पण दप्तरी तक्रार राहिली की पुढचं बांधकाम तरी थांबते.

ओपन स्पेसवर मंदिर, समाजभवन, वाचनालय बांधायचं आहे.

थोडंसंच बांधता येते. २०२० च्या नियमावलीत ओपन स्पेसच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधकामाची मुभा आहे, त्यातही तळमजल्यावर १० टक्केच, बाकी वरच्या मजल्यावर. परवानगी काढूनच. मला विचाराल तर आधी काहीच बांधू नका, चार बाजूंनी कडुनिंब अन् करंज लावा, एक हातपंप नाहीतर नळ घ्या, अन् तिथं तान्हा पोळा भरवा, भुलाबाईची गाणी तिथंच होऊ द्या, कोजागिरीचं दूध तिथंच आटवा. जी जागा वर्षभर सगळ्यांच्या पायाखाली असते तिच्यावर हात टाकायला माणूस दहादा विचार करतो. अन् कोजागिरीला वर्गणीही बरी जमते.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची?

दोन रस्ते आहेत.

पहिला, संस्था नोंदणी अधिनियम १८६०. महाराष्ट्रात याखाली नोंदवलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते, दोन्ही काम जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसात होते. किमान ७ जण, उद्दिष्टं, नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, अन् ज्या घराचा पत्ता द्याल त्या घरमालकाचं ना-हरकत. उद्दिष्टांत सार्वजनिक कामं लिहा, स्वच्छता, झाडं, वाचनालय, आरोग्य शिबिर, पाण्याचं नियोजन. नुसतं "सभासदांच्या घरांची देखभाल" लिहू नका. उद्दिष्टं नीट विचार करून लिहा कारण मग बदलायची तर दोन सभा घ्याव्या लागतात अन् दोन्हीत पाचात तीन मतं लागतात. समिती बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, वर्षाचं ऑडिट करायचं. अन् ट्रस्टच्या नावानं जागा असली तर ती धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, ज्याची काहींना अडचण वाटते पण मला तर ते संरक्षणच वाटते.

दुसरा, सहकारी गृहनिर्माण संस्था, १९६० चा कायदा, अन् २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण १३-ब आलं. हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. यात संस्थेला जास्त बळ आहे, थकबाकी वसुलीचा रस्ताही कायद्यात आहे, पण निवडणूक, ऑडिट, रजिस्टरं यांचा भारही तसाच आहे, अन् जुन्या ले-आउटमध्ये एवढे मालक एकत्र आणून सह्या घेणं फार जड जाते. ओपन स्पेस अन् रस्ते संस्थेच्याच नावावर करायचे असतील अन् बहुतेक मालक गावातच असतील तरच इकडं जा.

खेड्यातल्या चाळीस-पन्नास घरांच्या ले-आउटला पहिला रस्ताच सोसते, असं आमच्या भागातल्या संघांवरून दिसते.

एजंट म्हणतो मी सगळं करून देतो, तयार नियमावली आहे. तयार नियमावलीत कवा-कवा शहरातल्या कोणत्यातरी शिक्षण संस्थेची उद्दिष्टं तशीच राहून जातात. एकदा बसून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा, मगच सह्या करा.

नोंदणीशिवाय बँक खातं निघते का?

निघते. नोंदणी नसलेल्या संघाचंही खातं उघडता येते, त्यासाठी संघाचा ठराव, पॅन अन् ज्यांच्या सह्या चालणार त्यांचे कागद लागतात. शाखेवर अवलंबून असते, काही शाखेतले लोक सरळ नाही म्हणतात, तेव्हा दुसऱ्या शाखेत जा. खात्यावर तिघांची नावं ठेवा अन् कोणत्याही दोघांच्या सह्या. कोणा एकाच्या फोनपेवर वर्गणी गोळा करू नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी, कारण घरचे पैसे अन् संघाचे पैसे एकाच ठिकाणी आले की हिशेब देताना त्याचीच फजिती होते.

वर्गणी किती ठेवावी? न देणाऱ्याचं काय करायचं?

महिन्याला ५० रुपयांपासून सुरू करा. ज्यांचं हातावर पोट आहे अशी घरं प्रत्येक ले-आउटमध्ये आहेत, त्यांना २०० रुपये म्हटलं की ते बाहेरच राहतात, अन् मग संघ पक्क्या स्लॅबवाल्यांचा होऊन जाते. शेतकरी घरांना वर्षाचं एकदम द्यायची सोय ठेवा, कापूस नाहीतर संत्रा विकला की देतील. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं श्रमदान द्यावं, ते रजिस्टरमध्ये वर्गणी म्हणूनच लिहावं, "गरीब म्हणून माफ" असं लिहू नये.

न देणाऱ्याचं पाणी तोडणं, रस्ता अडवणं, नाव बोर्डावर लावणं असं काही करू नका, तसा अधिकारच नाही. १८६० च्या कायद्यात एवढं आहे की ३ महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. थकबाकीसाठी दावाही लावता येते, पण सहाशे रुपयांसाठी कोर्टात कोण जाते. घरी जाऊन बसा. बहुतेक वेळा पैशाचा प्रश्नच नसतो, कोणत्यातरी जुन्या भांडणाचा असतो.

हिशेब कसा ठेवावा?

साधं रजिस्टर, जमा अन् नावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पानाचा फोटो ग्रुपवर, अन् ज्यांच्याकडे मोठा मोबाइल नाही त्यांच्यासाठी तोच कागद किराणा दुकानाच्या भिंतीवर. ३० रुपयांच्या चहाचंही लिहा.

समितीत कोण असावं?

प्रत्येक लाइनीतला एक तरी, अर्ध्या बाया, अन् सगळे एकाच समाजाचे, एकाच पार्टीचे, एकाच आडनावाचे नकोत. हे उघड बोलायला लोक कचरतात पण ले-आउटमध्ये कोपऱ्यातल्या घरांना मीटिंगचा निरोपच जात नाही असं घडते, अन् ती घरं कोणाची असतात ते सगळ्यांना माहीत असते. ज्याच्या घरापर्यंत नाली पोहोचली नाही त्याला आधी समितीत घ्या.

ग्रामपंचायत सदस्य ले-आउटमध्ये राहत असेल तर त्याला मान द्या, बोलवा, पण पदाधिकारी करू नका. निवडणुकीत तो पडला तर संघही पडला असं होते.

निर्णय बहुमतानं घ्यायचा की सगळ्यांच्या मतानं?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा बहुतेकांनी ऐकलं असेल, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, २००९ मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं निर्णय सर्वसहमतीनं घेतात, एकाचंही मन वळत नसेल तर थांबतात, पुन्हा बसतात, अन् अवघड विषय असला तर अभ्यास गट करून आधी माहिती काढतात. ले-आउटमध्ये सगळी गोष्ट तशी जमणार नाही, पण रस्ता कोणत्या बाजूनं आधी, ओपन स्पेसवर काय, असे विषय सहमतीनंच घ्या, मग दोन मीटिंगा जास्त लागल्या तरी लागू द्या. लाइटचा बल्ब कुठून आणायचा याला बहुमतही नको, सचिवानं आणावा.

ग्रामपंचायतीकडून काम कसं काढून घ्यायचं?

पहिली गोष्ट, तुमची मतं कुठं आहेत? ले-आउटमधल्या पुष्कळ जणांची नावं अजून मूळ गावाच्या यादीत असतात. ग्रामसभेत बसायचा अन् मत द्यायचा हक्क या गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यालाच आहे, अन् खरं सांगायचं तर सदस्यही यादी बघूनच ऐकतात. नाव हलवायला नमुना ८ चा अर्ज भरा, ऑनलाइन होते. (टॅक्सच्या रजिस्टरलाही नमुना ८ च म्हणतात, हा निवडणुकीचा वेगळा.) घर टॅक्स भरलेला असू द्या, नाहीतर पहिलं बोट तिथंच दाखवतात.

वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात, बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अन् २ ऑक्टोबरच्या आसपास, अन् त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. छोट्या गावात तुमच्या ले-आउटमधले तीस-चाळीस जण येऊन बसले तरी सभेचा सूर बदलते. अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट, नाहीतर ग्रामपंचायतीचे सचिवभाऊ म्हणतील अर्ज आलाच नाही. सभेत विषय निघाला की ठराव तिथंच लिहून घ्यायला लावा, वाचून दाखवायला सांगा.

काम विकास आराखड्यात नसेल तर पैसा आला तरी तुमच्या रस्त्याला लागत नाही. आराखडा दरवर्षी होते, त्यात नाव घालणं हे संघाचं पहिलं काम. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा वाटा पाणी अन् स्वच्छतेला बांधलेला असते, १५व्या वित्त आयोगात तो ६० टक्के होता, तेव्हा "आमचा रस्ता करा" म्हणण्याआधी "आमची नाली करा" म्हटलं तर काम लवकर निघते. पाण्याचंही तसंच, २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं मानक माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, पाइपलाइन गावात फिरली अन् ले-आउट सुटला असेल तर ते लेखी विचारा.

अन् वर म्हटलेला नमुना २३. तुमचा रस्ता त्या वहीत नसेल तर "हा रस्ता आमचा नाही" हे उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहील. आधी नोंद, मग डांबर.

डीपी सारखी जळते, त्यात संघ काय करणार?

एकट्यानं १९१२ वर तक्रार नोंदवत राहणं चालू ठेवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. संघानं करायचं ते वेगळं: त्या डीपीवर किती घरं आहेत, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक अन् मंजूर भार काय, हे बिलावरून उतरवून बेरीज करा. डीपीवर ६३ किंवा १०० असा केव्हीएचा, म्हणजे ती किती भार पेलते त्याचा, आकडा लिहिलेला असते. उन्हाळ्यात कूलर, बोअरच्या मोटरा एकदम लागल्या की भार कुठं जाते ते बेरजेवरून दिसते. ती यादी सह्यांसकट महावितरणच्या उपविभागात द्या. नुसत्या मोर्च्यापेक्षा या कागदाला जास्त उत्तर मिळते.

रस्त्यावर सोयाबीन वाळवणं, गुरं बांधणं, यावर संघ दंड लावू शकते का?

नाही, अन् लावूही नये. गुरं अन् धान्य हे इथल्या लोकांचं पोट आहे, ले-आउट नंतर आला. जागा अन् वेळ ठरवा, जसं ओपन स्पेसच्या एका बाजूला सोंगणीच्या दिवसात सिमेंटचा ओटा वापरायला द्या.

आमचा ले-आउट नवाच आहे, अजून कामं चालू आहेत.

मग रेराचं, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याचं, पाहा. १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला अन् ५०० चौरस मीटरपेक्षा मोठे प्लॉटचे ले-आउटही त्यात येतात. महारेराच्या वेबसाइटवर ले-आउटचं नाव टाकून नोंदणी आहे का, काय काय करून द्यायचं कबूल केलं आहे ते बघा. संस्था स्थापन करून देणं ही तिथं प्रवर्तकाचीच, म्हणजे ले-आउट पाडणाऱ्याचीच, जबाबदारी आहे.

ग्रामपंचायतीला द्यायचा पहिला अर्ज कसा लिहायचा?

असा लिहा, बाकी आपल्या जागेप्रमाणे बदला:

प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ______.

विषय : मौजा ______, खसरा / सर्व्हे नं. ____ मधील ले-आउटचे रस्ते व ओपन स्पेस यांची ग्रामपंचायत दप्तरी नोंद घेणे व नालीचे काम विकास आराखड्यात घेणेबाबत.

महोदय, आम्ही खाली सही करणारे वरील ले-आउटचे रहिवासी असून नियमित घर टॅक्स भरतो. मंजूर नकाशा व अकृषिक आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. नकाशात दाखवलेले रस्ते नमुना २३ मध्ये नोंदवावे, ओपन स्पेसची आजची नोंद कोणाच्या नावे आहे ते लेखी कळवावे व तिथे कोणतेही बांधकाम होऊ देऊ नये. दुसऱ्या लाइनीपासून नाल्यापर्यंत नाली नसल्याने पावसाचे पाणी घरांत शिरते, सदर नालीचे काम येत्या विकास आराखड्यात घ्यावे. हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ठेवावा, ही विनंती.

सोबत : नकाशा, अकृषिक आदेश, टॅक्स पावत्या, जागेचे फोटो, रहिवाशांच्या सह्या (नाव, घर क्रमांक, मतदार यादीतला अनुक्रमांक).

मतदार यादीतला अनुक्रमांक सहीसमोर लिहायला विसरू नका, त्या एका रकान्यामुळे अर्ज वाचायची पद्धत बदलते.